रूम, ऑफिस आणि मधलं शहर

पाच-पाच वर्षं भाडं भरूनही शहर ‘आपलं’ का वाटत नाही? आणि ज्यांना वाटतं, त्यांनी असं काय केलेलं असतं?

एक काम करा. ऑफिसच्या प्रिंटरमधून एक कोरा कागद ओढा (बॉस बघत नसताना!) आणि पाच मिनिटांत तुम्ही राहता त्या शहराचा नकाशा काढा. फोन खिशात. चित्रकला यायला हवी असं काही नाही, आठवेल तसं काढायचं.

काय उतरलं? एका कोपऱ्यात रूम, दुसऱ्या कोपऱ्यात ऑफिस, मध्ये एक जाडजूड रेघ. रेघेवर एखादा सिग्नल, जिथे रोज वीस मिनिटं जातात. एक मॉल. जिम, ज्याची मेंबरशिप संपलीय. आणि उरलेला कागद? कोरा करकरीत. म्हणजे ज्या शहरात राहतो म्हणून आपण गावाकडे भाव खातो, ते शहर आपल्या डोक्यात जेमतेम चार बोटांएवढं असतं.

हा खेळ आमचा नाही. केव्हिन लिंच नावाच्या एका अमेरिकन नगररचनाकाराचा आहे. बॉस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिसच्या लोकांना बसवून त्याने विचारलं, तुमचं शहर डोळ्यासमोर आणा, नकाशा काढा, घरापासून कामापर्यंत कसे जाता ते सांगा, वाटेत काय दिसतं, कसं वाटतं ते सांगा. बॉस्टनमधले तीस जण आणि बाकी दोन शहरांतले पंधरा-पंधरा. बस्स, एवढीच माणसं. पण त्यातून १९६० साली ‘द इमेज ऑफ द सिटी’ हे पुस्तक आलं आणि आर्किटेक्चरची पोरं आजही ते वाचतात. लिंचचा फंडा सोपा होता. प्रत्येकाच्या डोक्यात शहराचं एक चित्र असतं. ते स्पष्ट असेल तर माणूस तिथे निवांत असतो, धूसर असेल तर आतून हरवल्यासारखा राहतो, मग भले रस्ता चुकत नसेल.

जर्सी सिटीवाल्यांचं तर फारच वाईट. स्वतःच्या शहराची ठळक खूण म्हणून त्यांना धड काही सांगताच येईना. सांगितलं काय, तर नदीपल्याड दिसणारी न्यूयॉर्कची स्कायलाइन! हिंजवडीत राहणाऱ्यांनी यावर हसू नये. ‘पुण्यात काय काय आहे?’ असं कुणी विचारलं की तुम्हीही शनिवारवाडाच सांगता, शेवटचं कधी तिकडे गेला होता ते आठवत नसलं तरी.

कोणाकडं जाचं हाय जी?

आता जरा लांब जाऊ. नाकाडोंगरी. नाव ऐकलंय? नसेलच. भंडारा जिल्हा, तुमसर तालुका. तुमसरहून कटंगीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव, थोडं पुढे गेलं की मध्य प्रदेश. जवळच डोंगरी बुजुर्गला ‘मॉइल’ची मँगनीजची खुली खाण आहे. तिथून निघणारं मँगनीज डायऑक्साइड ड्राय बॅटरीच्या उद्योगाला लागतं. टॉर्चच्या सेलमधल्या काळ्या पुडीशी या भागाचं नातं आहे म्हणा ना.

अशा गावात परक्या माणसाने पत्ता विचारला तर घर नंबर, लेन, सेक्टर ही भानगडच नसते. उलटा प्रश्न येतो, ‘कोणाकडं जाचं हाय जी?’ म्हणजे पत्ता जागेचा नसतो, माणसाचा असतो. घर ओळखलं जातं ते अमक्याचं म्हणून, शेत तमक्याचं म्हणून आणि झाड त्याखाली कोण बसतं त्यावरून. गावाचा नकाशा कागदावर कुणी काढत नाही, कारण तो प्रत्येकाच्या पायात असतो.

समजा, तिथला एक मुलगा किंवा मुलगी बारावीनंतर निघाली. आधी नागपूर, मग नोकरीसाठी पुणे किंवा मुंबई. तुमच्या शेजारच्या क्युबिकलमध्ये बसतात त्यांतले कितीतरी जण असेच कुठल्यातरी नाकाडोंगरीहून आलेले आहेत, विचारून बघा. पहिला झटका तर तालुक्यातच बसतो. ‘तुमसर रोड’ नावाचं मोठं स्टेशन तुमसरला नाहीच, ते आहे देव्हाडीला! बोर्डावरचं नाव आणि पायाखालची जागा यांचा संबंध असेलच असं नाही, हे तिथं फुकटात कळतं. पुढे शहरात हेच शंभर वेळा भेटणार असतं.

बर्डी म्हणता यायला हवं

नागपूरला नवा आलेला माणूस लगेच ओळखू येतो. तो ‘सीताबर्डी’ म्हणतो. नागपूरकर ‘बर्डी’ म्हणतो. ‘कुठं जाऊन राहिला बे?’ ‘बर्डीवर.’ संपलं. तसंच मेयोचं. पाटीवर इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, पण ऑटोवाल्याला हे सगळं सांगत बसलात तर तो तुमच्याकडे बघत राहील. मेयो म्हणा, लगेच कळेल. मॉरिस कॉलेजचं सरकारी नाव वसंतराव नाईक यांच्या नावाने आहे आणि टी-पॉइंट मात्र मॉरिस कॉलेजचाच. भंडाऱ्याच्या पोरांसाठी तर खास गंमत म्हणजे मेयोकडून जुन्या वस्तीत शिरणारा रस्ता अजून ‘जुना भंडारा रोड’ म्हणवतो. आठवडाभर घरची आठवण काढून थकलेल्या माणसाला दुकानाच्या पाटीवर आपल्या जिल्ह्याचं नाव दिसलं की काय वाटत असेल, ते नकाशात कुठे लिहायचं?

लिंचने डोक्यातल्या नकाशाचे पाच तुकडे केले होते. वाटा, कडा, वस्त्या, चौक आणि खुणा. नागपूरवर बसवून बघा, चपखल बसतात. वर्धा रोड ही वाट. महाल, इतवारी, सदर, धरमपेठ या वस्त्या, प्रत्येकीचा वास वेगळा, भाव वेगळा. व्हरायटी चौक हा चौक, यात सांगायचं काय! कड म्हणजे रेल्वेलाइन. रुळांच्या एका अंगाला जुनं नागपूर, दुसऱ्या अंगाला सिव्हिल लाइन्सचं झाडीतलं नागपूर. अंतर बघाल तर थोडंसं, पण ‘तिकडे कोण जाईल’ असं दोन्हीकडून म्हटलं जातं. कड म्हणजे हीच, पायाला न लागता मनाला लागणारी.

आणि खूण म्हणजे झिरो माइल. वाळूच्या दगडाचा खांब, शेजारी चार घोडे. ब्रिटिशांच्या सर्वेक्षणातला हा दगड. देशाचा मध्यबिंदू म्हणून सगळे तो अभिमानाने दाखवतात, भूगोलवाले त्यावर वाद घालतात. घालू देत. खुणेचं काम खरं असणं हे नसतंच मुळी. ‘झिरो माइलजवळ भेट’ म्हटल्यावर दोन माणसं भेटली, की खुणेने आपलं काम केलं.

पण लिंचच्या या पाच कप्प्यांत एक गोष्ट मावत नाही. दीक्षाभूमी घ्या. लक्ष्मीनगरहून ऑफिसला जाणाऱ्यासाठी तो पांढरा घुमट म्हणजे ‘इथून वळायचं’ एवढंच. पण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जिथे आपल्या लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्या जागेवर दरवर्षी कुणी रेल्वेने, कुणी एसटीने, कुणी ट्रॅक्टरमधून येतं. त्यांच्यासाठी ती वळणाची खूण कशी असेल? घुमट एकच, उभं असलेलं अंतरही तेच, पण ठिकाणं दोन.

नसलेल्या गोष्टींचा पत्ता

मुरलेल्या शहरवाल्याची आणखी एक ओळख सांगतो. तो तुम्हाला नसलेल्या गोष्टींवरून पत्ता सांगतो! पुण्यात लकडी पूल लाकडाचा राहिलेला नाही आणि त्याचं अधिकृत नावही संभाजी पूल. टिळक चौक म्हणा, दहातले आठ गोंधळतील. अलका टॉकीज चौक म्हणा, रिक्षावाला मीटर टाकेल. नळस्टॉपला पाणी भरायला कुणी जात नाही.

मुंबईत तर कहर आहे. दादर ‘टीटी’ म्हणजे ट्राम टर्मिनस. मुंबईची शेवटची ट्राम धावली ३१ मार्च १९६४ रोजी. आज टीटीला उतरणाऱ्यांतल्या बहुतेकांच्या आई-बाबांनीही ट्राम पाहिलेली नाही, तरी टीटी जागेवर. चर्चगेटच्या नावातला गेट फोर्टच्या तटबंदीबरोबर १८६० च्या दशकात गेला. एल्फिन्स्टन रोडचं २०१८ मध्ये प्रभादेवी झालं, पण जुन्या पासवाल्यांच्या तोंडी काय येतं ते गाडीत उभं राहून ऐका. नाव बदलायला एक अधिसूचना पुरते. तोंडातली सवय बदलायला एक पिढी लागते, कधीकधी तीही पुरत नाही.

यात सगळं गोडच आहे असं नाही. लोअर परळला, जिथे तुमचा क्लायंट बसतो, ऑफिसची पार्टी होते, त्या कंपाउंडचं नाव अजून ‘मिल’ आहे. ‘मिल्समध्ये भेटू’ असं आपण सहज म्हणतो. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख माणसं त्यात होती. तो संप काही नीट मिटला नाही, हळूहळू गिरण्याच मिटल्या. ज्या चाळींत घड्याळाऐवजी भोंग्यावर उठायची सवय होती, तिथे एक दिवस भोंगा वाजलाच नाही. शहराची आठवण डोळ्यांतच असते असं कुणी सांगितलं? ती कानातही असते. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी या माणसांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून ऐकून २००४ मध्ये पुस्तक केलं. ते वाचलं की एकाच गेटमधून आत शिरणारे दोघे दिसायला लागतात. एकाला आत पास्ता दिसतो. दुसऱ्याला आत आपलं खातं दिसतं, साचा दिसतो आणि गेटवरच्या वॉचमनला ‘आत सोड रे’ म्हणण्याची हिंमत होत नाही.

पास्ता खाऊ नका असं आम्ही म्हणत नाही. पण चिमणी दिसली तर एकदा वर बघायला काय हरकत आहे?

थांबलं की ठिकाण होतं

मग प्रश्न येतो तो आपला. पाच वर्षं झाली, रस्ते पाठ, बिलं वेळेवर, तरी शहर परकं. असं का?

भूगोलाचे एक अभ्यासक होते, यी-फू तुआन. त्यांच्या १९७७ च्या ‘स्पेस अँड प्लेस’ या पुस्तकात एक साधी गोष्ट सापडते. आपण जागेतून नुसते सरकत असतो तोवर ती मोकळी जागा. आपण थांबलो, की तिचं ठिकाण होतं. आम्हाला वाटतं, सगळी ग्यानबाची मेख इथेच आहे. शहरावर जीव बसतो तो त्यातून जाण्याने बसत नाही, त्यात विनाकाम थांबण्याने बसतो. कॉलेजचा कट्टा आठवतो तो का? तिथे लेक्चर व्हायचं म्हणून? तिथे काहीच व्हायचं नाही म्हणून!

आणि नोकरी लागली की नेमकं हेच बंद होतं. कॅब गेटवर येते, गेटवर सोडते. मध्ये काच, कानात इअरफोन, स्क्रीनवर निळी रेघ. उरलेला नकाशा फोन सांभाळतो. डोक्याच्या दृष्टीने हा सौदा फार चांगला नाही. लंडनचे टॅक्सी ड्रायव्हर लायसन्ससाठी हजारो रस्ते तोंडपाठ करतात. २००० साली एलिनॉर मॅग्वायर आणि सहकाऱ्यांनी त्यांचे मेंदू तपासले, तेव्हा हिप्पोकॅम्पस या वाटा लक्षात ठेवणाऱ्या भागाची मागची बाजू इतरांपेक्षा मोठी दिसली. उलट २०२० मध्ये कॅनडातल्या संशोधकांना आढळलं, की जीपीएसवर जास्त विसंबणाऱ्यांची स्वतःहून वाट शोधायची स्मृती कमकुवत असते. अर्थात चांदणी चौकात कुणाला उपदेश करायला आम्ही जाणार नाही. २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्रीनंतर तिथला जुना पूल स्फोटकांनी पाडला, ऑगस्ट २०२३ मध्ये नवा उभा राहिला आणि सुरुवातीला पक्क्या पुणेकरांचाही गोंधळ उडाला की मुळशीला कुठून आणि कोथरूडला कुठून! तिथे निळी रेघ लावा, बिनधास्त.

पण रविवारी नको. रविवारी एक स्टॉप आधी उतरा. बघा काय होतं.

‘इथं काय करतेयस?’

‘थांबा’ म्हणणं सोपं. म्हणणारा बहुधा मुलगा असतो.

मुलगा टपरीवर अर्धा तास उभा राहिला तर त्याला कुणी काही विचारत नाही. नाका त्याचाच. मुलगी तिथेच दहा मिनिटं उभी राहिली, की आधी नजरा येतात, मग प्रश्न येतो, ‘कुणाची वाट बघतेयस का?’ वाट बघत असेल तर ठीक. काहीच करत नसेल तर गडबड! मुंबईत ‘पुकार’ या संस्थेच्या ‘जेंडर अँड स्पेस’ प्रकल्पात काही वर्षं हाच अभ्यास चालला. त्यातून शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं ‘व्हाय लॉइटर?’ हे पुस्तक २०११ मध्ये आलं. मुंबई बायकांसाठी किती सुरक्षित, अशी कॉलर ताठ करणाऱ्या शहराबद्दल त्या म्हणतात, की बायका रस्त्यावर दिसतात खऱ्या, पण कशा? कुठूनतरी कुठेतरी जाताना. हातात पिशवी, कानाला फोन, चालण्यात घाई. ‘मला काम आहे हो’ हे पूर्ण देहाने सांगत. हा हेतू दाखवत राहणं हेच त्यांचं शहराचं भाडं.

वाचणाऱ्या मैत्रिणींना हे पुस्तकातून कळायची गरज नाही. बसस्टॉपवर कुठे उभं राहायचं, कुठली गल्ली सातनंतर वगळायची, कुठल्या दुकानाच्या उजेडात रिक्षा थांबवायची, खोटा फोन कधी लावायचा, हा सगळा नकाशा त्यांच्याकडे आहे आणि तो लिंचच्या कागदांपेक्षा बारीक आहे. त्यात एकाच रस्त्याचे दोन रस्ते असतात, दिवसाचा आणि रात्रीचा. शेजारी बसणाऱ्या मुलाला तो काढून दाखवा एकदा. तोंड बघण्यासारखं होतं!

म्हणूनच मॉल आणि कॉफी शॉप मुलींना बरे वाटतात. कॉफीच्या बिलात खुर्चीवर बसायचं कारणही मिळतं. पण दोनशे रुपयांचं कारण रोज कुणाला परवडणार? आणि गावाहून आलेली, हॉस्टेलची फी कशीबशी भरणारी मुलगी काय करणार? तिचं ‘विनाकाम थांबणं’ म्हणजे हॉस्टेलची गच्ची, तीही नऊपर्यंत. त्या तिघींचं म्हणणं असं, की मुलींना नुसती सुरक्षितता देऊन भागत नाही, कारण सुरक्षिततेच्या नावाखाली त्यांना घरीच बसवता येतं. त्यांना टाइमपासचा हक्क हवा. ऐकायला मजेशीर वाटतं, पण विचार केला की डोकं चालू होतं.

दादरच्या शिवाजी पार्कचा कट्टा याच कारणासाठी आम्हाला सगळ्यात ग्रेट वाटतो. मैदानाभोवतीचा बुटका कठडा. तिकीट नाही, बिल नाही, टेबल रिकामं करा म्हणणारा वेटर नाही. आजोबांची गँग, क्रिकेटची पोरं, जोडपी आणि नुसतंच बसलेल्या दोन मैत्रिणी. नागपूरला फुटाळ्याच्या काठी संध्याकाळी असंच काहीसं जमतं. पुढच्या वेळी नगरसेवक मत मागायला आला, की फ्लायओव्हर मागण्याआधी एक कट्टा मागून बघा. आणि त्यावर दिवा.

ओळखीचे अनोळखी

आणि माणसं? नाकाडोंगरीत पत्ताच माणसाचा. शहरात समोरच्या फ्लॅटवाल्याचं नाव दारावरच्या पाटीवरून कळतं, तेही पार्सल चुकून आपल्याकडे आलं तर. मग शहरात सगळे अनोळखीच?

तसं नाही. स्टॅन्ली मिलग्राम या मानसशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये एक मस्त शब्द वापरला, ‘फॅमिलिअर स्ट्रेंजर’. ओळखीचे अनोळखी. त्याच्या विद्यार्थ्यांनी न्यूयॉर्कजवळच्या एका स्टेशनवर रोजच्या प्रवाशांचे फोटो काढले आणि नंतर त्याच प्रवाशांना दाखवले. लोकांनी सरासरी चार चेहरे ओळखले, ज्यांच्याशी ते कधी एक शब्दही बोलले नव्हते. वर्षानुवर्षं रोजची तीच गाडी, तोच प्लॅटफॉर्म. नाव माहीत नाही, पण एक दिवस दिसला नाही तर मनात येतं, बरा आहे ना?

तुमचेही असतीलच. ८:१२ च्या लोकलमधली शब्दकोडं सोडवणारी काकू. मेट्रोत कायम दुसऱ्या डब्यात चढणारा लाल बॅगवाला. लिफ्टमध्ये सातवा मजला दाबणारा आणि मोबाइलमध्ये बघणारा. नाकाडोंगरीच्या त्या मुलाने पुण्यात पहिल्या वर्षी मित्र किती केले हे मोजण्याआधी असे चेहरे मोजायला हवेत. शहरात रुजण्याची पहिली मुळी हीच. आपण त्यांचे आणि ते आपले कुणी नसतो, पण रस्ता त्यांच्यामुळे रिकामा राहत नाही. चहावाल्याने न विचारता ‘कमी साखर’ दिला, तो दिवस तर डायरीत लिहून ठेवा.

मिलग्रामने आणखी एक गंमत टिपली होती. नेहमीच्या जागी हे लोक एकमेकांशी बोलत नाहीत, जणू न बोलण्याचा करारच झालेला. पण नेहमीच्या जागेपासून जितकं लांब जाल, तितकी बोलायची शक्यता वाढते. दिवाळीत पुण्याहून नागपूरकडे जाणाऱ्या गाडीत चढा. वेटिंग लिस्ट, पिशव्या, चिवड्याचे डबे, पाय ठेवायला जागा नाही. वरच्या बर्थवरून एक चेहरा खाली वाकतो. सातवा मजलावाला.

‘अरे! तुम्ही बी विंगमध्ये ना? तुम्हीपण तिकडचेच का?’

‘हो ना. तुमसरकडचा.’

‘सांगायचं ना राव! मी गोंदियाचा. या वर, जागा होते.’